वयस्कर आई-वडिलांच्या घरी एग बॉयलर घ्यावा का?

अनघा, मुलुंड

नमस्कार. माझे आई-बाबा गिरगावातल्या एका जुन्या इमारतीत दोघेच राहतात आणि दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. बाबांच्या जेवणात प्रथिने फारच कमी पडतात म्हणून डॉक्टरांनी त्यांना रोज सकाळी उकडलेली अंडी खायला सांगितली आहेत. अंडी उकडणे हे काही अवघड काम नाही, पण त्या घरात ते अवघड होऊन बसले आहे. गुडघ्यांमुळे आईला ओट्यापाशी फार वेळ उभे राहवत नाही, आणि बाबा पातेले शेगडीवर ठेवून बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले की ते त्यांच्या लक्षातून निघून जाते. पाणी पूर्ण आटून पातेले काळे पडण्यापर्यंत गोष्ट गेलेली आहे, आणि घरात गॅस असल्यामुळे मला याची खरोखर काळजी वाटते. शिवाय आई स्वतः अंडी खात नाही. तिच्या ओट्यावर अंड्याचे भांडे येऊ नये अशी तिची इच्छा आहे आणि ती मला मान्य आहे.

म्हणून विजेवर चालणारा एग बॉयलर घ्यावा असा विचार आहे. पाणी संपले की तो आपोआप बंद होतो असे खोक्यावर लिहिलेले असते, परंतु बंद होतो म्हणजे नेमके काय होते, आणि त्यानंतर कोणी बटणाला हातच लावला नाही तर चालते का, हे मला कोणत्याही दुकानदाराने नीट सांगितले नाही. अंडी जितकी जास्त तितके पाणी कमी घालायचे, असेही एकाने सांगितले, जे मला उलटे वाटते. इमारतीतील वायरिंग जुने आहे, त्यामुळे स्वयंपाकघराबाहेरच्या साध्या सॉकेटवर हे उपकरण चालेल का, हाही प्रश्न आहे. आणि शेवटचे म्हणजे बाबांना बलक थोडा मऊ असलेले अंडे आवडते. या वयात ते द्यावे का? ज्यांच्या घरी हे उपकरण नियमित वापरात आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अरविंद, परळ

अनघाताई, माझी सारी नोकरी विजेच्या उपकरणांच्या देखभालीत गेली आणि आमच्या घरी एग बॉयलर रोज चालतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपली पहिली शंका सर्वांत महत्त्वाची आहे. ती विचारल्याशिवाय हे उपकरण वयस्कर माणसांच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

बहुतेक साध्या एग बॉयलरमध्ये घड्याळ नसते. त्यात अंडी पाण्यात बुडत नाहीत, प्लेटच्या वरच्या ट्रेमध्ये वाफेवर शिजतात. तळाशी साधारण ३५० ते ४०० वॅटची एक तापणारी प्लेट असते आणि तिच्या खालच्या बाजूला थर्मोस्टॅट बसवलेला असतो. प्लेटवर पाणी आहे तोवर तिचे तापमान १०० अंश सेल्सियसच्या फार वर जाऊ शकत नाही, कारण दिलेली उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत राहते. शेवटचे पाणी आटले की प्लेट झपाट्याने तापू लागते, थर्मोस्टॅटमधील दोन धातूंची जोडपट्टी वाकते आणि विद्युतमंडल तुटते. म्हणजे अंडे किती वेळ शिजणार हे आपण घातलेल्या पाण्याने ठरते. उपकरणाबरोबर पाणी मोजायला मिळणाऱ्या कपावरच्या खुणा या खरे तर वेळेच्याच खुणा आहेत. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९३०च्या दशकात हँक्सक्राफ्ट या कंपनीचे चिनी मातीचे एग कुकर मिळत असत, त्यांत तर वीज थेट पाण्यातूनच वाहत असे आणि पाणी आटले की मंडल आपोआप खंडित होत असे. आज अशी उघडी रचना कोणी घरात वापरू देणार नाही, पण पाण्याकडून वेळ मोजून घेण्याची मूळ कल्पना तीच राहिली आहे.

आता बंद होण्याविषयी. बाजारात तीन प्रकार दिसतात आणि तिन्हींच्या खोक्यांवरची भाषा जवळजवळ सारखीच असू शकते. पहिल्या प्रकारात पाणी आटल्यावर केवळ बझर वाजतो आणि बटण आपल्याला बंद करावे लागते. दुसऱ्या प्रकारात थर्मोस्टॅट वीज तोडतो, दिवा विझतो, पण काही मिनिटांनी प्लेट निवली की तोच थर्मोस्टॅट पुन्हा जुळतो आणि कोरडी प्लेट परत तापू लागते; कोणी बटण बंद केले नाही तर हे चक्र चालूच राहते. तिसऱ्या प्रकारात खाली दाबायचा खटका असतो, तो पाणी संपताच उडतो आणि माणसाने पुन्हा दाबेपर्यंत वर येत नाही की खाली जात नाही, जिथल्या तिथे राहतो. आपल्या बाबांसाठी हा तिसरा प्रकारच घ्यावा. दुसऱ्या प्रकारात लगेच आग लागते असे मला म्हणायचे नाही, कारण चांगल्या उपकरणात थर्मोस्टॅटखेरीज एक थर्मल फ्यूजही असतो, जो मर्यादेपलीकडे तापल्यास कायमचा तुटतो. परंतु ज्या घरात विसरण्याची शक्यता गृहीत धरूनच वस्तू घेतली जात आहे, तेथे पुन्हा पुन्हा कोरडे तापणारे उपकरण ठेवणे योग्य नाही.

कोणता प्रकार आहे हे ओळखण्यासाठी खोक्यावर विसंबू नका. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी, अंडी न ठेवता, केवळ पाणी घालून आणि झाकण लावून उपकरण चालू करा, खटका उडाल्याचा आवाज ऐका आणि त्यानंतर बटणाला हात न लावता पंधरा-वीस मिनिटे समोर बसून पाहा. दिवा पुन्हा लागला तर तो दुसरा प्रकार आहे. वस्तू बदलून घ्या. लोहार चाळीतल्या विजेच्या वस्तूंच्या बाजारात किंवा आपल्या भागातल्या ओळखीच्या दुकानात घेतल्यास दुकानातच ही चाचणी करून दाखवण्याचा आग्रह धरता येतो, ऑनलाइन खरेदीत ते जमत नाही. माझ्या मते अशा वस्तूसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी प्रत्यक्ष दुकान बरे.

अंडी जास्त तर पाणी कमी, हे आपल्याला उलटे वाटले, पण ते बरोबर आहे आणि त्यामागचे कारण शाळेत शिकलेल्या अप्रकट उष्म्यात आहे. वाफ थंड कवचाला लागते, तिचे पुन्हा पाणी होते, आणि तसे होताना ती दर ग्रॅममागे सुमारे ५४० कॅलरी उष्णता अंड्याला देऊन टाकते. ५० ग्रॅमचे एक अंडे शिजण्याइतके तापवायला ढोबळमानाने चार ग्रॅम वाफ लागते. हे पाणी थेंबाथेंबाने परत प्लेटवर पडते आणि पुन्हा उकळते. एकच अंडे असेल तर असे परतणारे पाणी नगण्य असते. सहा अंडी असतील तर ते चोवीस ग्रॅमच्या आसपास जाते आणि ३६० वॅटच्या प्लेटला ते दुसऱ्यांदा आटवायला आणखी दोन-अडीच मिनिटे लागतात. उलट प्रत्येक अंड्याला शिजायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो, कारण प्रत्येकाला चहूबाजूंनी तीच १०० अंशांची वाफ मिळत असते. म्हणून सहा अंड्यांना एका अंड्याइतकेच पाणी घातले तर ती गरजेपेक्षा जास्त शिजतात.

याच हिशेबाने आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. विजेचा दाब (व्होल्टेज) कमी झाला की प्लेटची शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे दाब दहा टक्के उतरला तर शक्ती सुमारे एकोणीस टक्के उतरते, पाणी आटायला अधिक वेळ लागतो आणि अंडी वाफेत जास्त काळ राहून अधिक घट्ट होतात. मुंबईत वीजपुरवठा बराच स्थिर आहे, तरी जुन्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर, सगळ्यांचे गीझर चालू असताना, हा फरक जाणवू शकतो.

सॉकेटची काळजी करू नका. ४०० वॅटचे उपकरण २३० व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आतच वीज घेते, त्यामुळे साधे सहा अँपिअरचे सॉकेट पुरेसे आहे. गीझरसारखे मोठे सॉकेट लागत नाही. मात्र त्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे एकदा वायरमनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोके दिसतात पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे. पाणी, वाफ आणि धातूची प्लेट एकत्र आहेत, म्हणून दोन पिनांचा अडॅप्टर लावून हे उपकरण कधीही चालवू नये. मीटरच्या पेटीत ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. त्याचा उपयोग साऱ्या घराला होईल. वीजखर्चाचे म्हणाल तर एका वेळची अंडी उकडायला एक युनिटचा दहावा भागसुद्धा लागत नाही.

मीनाक्षी, दादर

अनघा, तुमच्या आईंच्या ओट्याविषयीची अडचण आमच्याही घरात होती, म्हणून लिहिते आहे. सासूबाई शाकाहारी आहेत, आणि श्रावणात व चतुर्थीला तर अंड्याचा वाससुद्धा स्वयंपाकघरात नको असतो. आम्ही एग बॉयलर जेवणाच्या खोलीतल्या एका छोट्या स्टुलावर ठेवला, त्याच्याबरोबर एक वेगळे स्टीलचे भांडे, एक चमचा आणि पुसायचे फडके ठेवले, आणि ही सारी मांडणी स्वयंपाकघरात जातच नाही. धुण्याचे काम बाथरूमबाहेरच्या बेसिनमध्ये होते. गॅसवर वेगळे पातेले ठेवूनही जी कुरबूर मिटत नव्हती ती अशाने मिटली, कारण प्रश्न केवळ भांड्याचा नव्हता, ओट्याचा आणि शेगडीचा होता. हे उपकरण घेण्याचे हे एकच कारण असते तरी मी ते घेतले असते.

त्यात इतर गोष्टी वाफवता येतात असे खोक्यावर लिहिलेले असते. रताळ्याच्या फोडी, मक्याचे दाणे, फरसबी हे होते. पण अंड्यांसाठी ठेवलेल्या भांड्यात नैवेद्याचे काही वाफवायचे नाही हे उघड आहे, आणि आमच्याकडे ते अंड्यांपुरतेच राहिले आहे, तेच बरे.

रोजच्या वापरातले काही अनुभव सांगते. मापाच्या कपावरच्या खुणा आपल्या अंड्यांशी नेहमी जुळत नाहीत. युरोपात मध्यम आकाराचे अंडे ५३ ते ६३ ग्रॅमचे आणि मोठे त्याहून जड धरतात. आपल्या नाक्यावरच्या दुकानात मिळणारे फार्मचे अंडे बहुधा ५० ते ५५ ग्रॅमचे असते आणि गावरान अंडे त्याहूनही लहान. त्यामुळे अशा मोठ्या अंड्यांच्या हिशेबाने बनवलेल्या कपाची घट्ट अंड्याची खूण आपल्या अंड्याला थोडी जास्तच होते. आम्ही खुणेपेक्षा किंचित कमी पाणी घालतो. अंडी फ्रिजमधून काढून थेट ठेवत असाल तर मात्र खुणेइतके घाला. एकदा आपल्या घरचे माप बसले की कपावर रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे बाबांना दर वेळी बारीक आकडे वाचावे लागणार नाहीत. आमच्या सासऱ्यांसाठी आम्ही लाल रेघ ओढली आहे आणि तिचा खरोखर उपयोग होतो.

बझर वाजला किंवा खटका उडाला की अंडी आत ठेवून विसरू नयेत. झाकणाखाली वाफ असते, अंडी शिजत राहतात, आणि बलकाभोवती हिरवट-राखाडी कडे येते. ते अपायकारक नसते. पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने तो रंग येतो, पण चव आणि वास बिघडतो. म्हणून अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत. झाकण उचलताना ते आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उघडावे, कारण आतली वाफ हाताला आणि तोंडाला चांगलीच भाजते. आईंना किंवा बाबांना हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवा, केवळ फोनवर सांगू नका.

कपाच्या तळाला एक बारीक सुई असते. तिने अंड्याच्या बोथट टोकाला टोचायचे असते, कारण हवेची पोकळी त्याच बाजूला असते आणि तापल्यावर ती हवा बाहेर पडायला वाट मिळते. आम्ही टोचतो. मात्र टोचताना अंडे हातातून निसटण्याची भीती असेल, किंवा बाबांचे हात थरथरत असतील, तर हे काम सोडून द्या.

आणि स्पष्टच सांगायचे तर, ज्या घरात सकाळी कोणीतरी शेगडीपाशी असतेच, तेथे या उपकरणाची गरज नाही. झाकणाच्या पातेल्यात दोन बोटे पाणी उकळवून त्यात अंडी ठेवली आणि झाकण लावले तर वाफेवर अगदी अशीच शिजतात. तुमच्या घराची गोष्ट वेगळी आहे.

सुहास, बोरिवली

एक शंका विचारतो. घरात मायक्रोवेव्ह असेल तर त्यात पाण्याच्या वाडग्यात अंडी ठेवून काम होणार नाही का? आणखी एक वस्तू घेऊन जागा अडवण्यापेक्षा ते बरे, असे मला वाटते.

शर्वरी, विलेपार्ले

सुहास, कवचासकट अंडे मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नये, पाण्यातसुद्धा नाही. मायक्रोवेव्हमध्ये अंड्याच्या आतल्या भागातील पाणी थेट तापते, वाफेला बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि अंडे फुटते. काही वेळा ते आत फुटत नाही, तर बाहेर काढून सोलताना किंवा चावताना फुटते आणि चेहरा व डोळे भाजतात. उकडलेले आणि सोललेले अंडे पुन्हा गरम करतानाही हाच धोका असतो, म्हणून ते कापूनच गरम करावे. एखाद्या वयस्कर माणसाच्या घरासाठी हा पर्याय अजिबात सुचवू नये, अशी माझी विनंती आहे.

अनघा, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून मऊ बलकाच्या प्रश्नावर लिहिते. अंड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो, कवचावर आणि क्वचित आतही. निरोगी तरुण माणसाला त्याचा त्रास झाला तरी तो बहुधा काही दिवसांत बरा होतो. पंचाहत्तरीपुढच्या माणसाला, लहान मुलाला किंवा गर्भवतीला तोच संसर्ग गंभीर ठरू शकतो. पांढरा भाग साधारण ६० अंशांच्या पुढे गोठू लागतो, बलक ६५ अंशांच्या सुमारास दाटतो आणि ७० अंशांपर्यंत घट्ट होतो. सुरक्षिततेसाठी अंड्याच्या मधोमध तापमान ७१ अंशांपर्यंत जायला हवे असे मानले जाते, म्हणजे बलक घट्ट झालेला असायला हवा. तेव्हा बाबांना वाहता बलक देऊ नये. त्यांना आवडणारा मऊपणा मात्र बऱ्याच अंशी टिकवता येतो. बलक घट्ट पण ओलसर, गडद पिवळा राहील इतकेच शिजवायचे आणि खटका उडताच अंडे गार पाण्यात टाकायचे. कोरडा, भुसभुशीत, फिकट बलक हा जास्त शिजल्याचा परिणाम असतो, आणि बहुतेकांना पूर्ण उकडलेले अंडे नकोसे वाटते ते त्यामुळेच. पहिल्या काही वेळा एक अंडे कापून बघा आणि त्याप्रमाणे पाण्याची रेघ ठरवा. मीनाक्षीताईंची ती सूचना फार उपयुक्त आहे.

टोचण्याविषयी माझे मत त्यांच्याहून वेगळे आहे. अंडे तडकेल की नाही हे कवचाची जाडी आणि आधीच पडलेली बारीक भेग यांवर अधिक अवलंबून असते. टोचल्याने फार फरक पडतो असे मला वाटत नाही. उलट त्या सुईवर कच्च्या अंड्याचा अंश राहतो, आणि तोच कप पाणी मोजायला रोज वापरला जातो. टोचायचेच असेल तर अंडे आधी पुसून घ्यावे, टोचल्यावर लगेच शिजवावे आणि कप दर वेळी साबणाने धुवावा. अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे, ती बरी नव्हे. कवचावरचा नैसर्गिक थर धुतला गेला की छिद्रांतून आत शिरकाव सोपा होतो. धुवायचे असेल तर शिजवण्याच्या अगदी आधी धुवावे.

सोलण्याची तक्रारही येणारच आहे, म्हणून आत्ताच सांगते. अगदी ताजे अंडे सोलताना पांढरा भाग कवचाबरोबर निघून येतो. अंडे जुने होत जाते तसा कवचाच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, पांढऱ्या भागाचा सामू वाढतो आणि पापुद्र्याची पकड सैल होते. मुंबईत विकली जाणारी बरीचशी अंडी बाहेरगावाहून येतात, त्यामुळे ती दुकानात येईपर्यंत सोलण्याजोगी झालेली असतात. थंड पाण्यापासून हळूहळू तापवलेल्या अंड्यापेक्षा एकदम गरम वाफ मिळालेले अंडे अधिक स्वच्छ सोलले जाते, हा वाफेवर शिजवण्याचा एक खरा फायदा आहे. बोटांत जोर नसलेल्या वयस्कर माणसाला त्याचे महत्त्व जास्त वाटते.

उकडलेली अंडी दुपारसाठी बाहेर ठेवू नयेत. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावीत, आणि एप्रिल-मेमध्ये पारा बत्तिशीच्या वर असताना तासाभरातच. कवचासकट ती फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतात, पण रोजची रोज उकडणे उत्तम. एका अंड्यातून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. बाबांना किती अंडी हवीत हे त्यांच्या मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या स्थितीवर अवलंबून आहे, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली संख्या आपण होऊन वाढवू नका.

अनघा, मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. खटका उडून जागच्या जागी राहणारा प्रकारच घ्यायचा हे ठरले, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासायचे कामही या आठवड्यात करते. आई बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर तो ठेवायला तयार आहे.

एक गोष्ट विचारायची राहिली. प्लेटवर पांढरे आणि तपकिरी डाग पडतात असे ऐकले आहे. ते कसे काढावेत आणि किती दिवसांनी? आईला घासण्याचे काम जमणार नाही. उन्हाळ्यात त्यांच्या इमारतीत कधी कधी टँकरचे पाणी येते, हेही सांगून ठेवते.

अरविंद, परळ

पांढरा थर पाण्यातल्या क्षारांचा असतो आणि तपकिरी डाग बहुधा तडकलेल्या किंवा टोचलेल्या अंड्यातून गळलेल्या पांढऱ्या भागाचा. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा तलावांतून येते आणि ते बऱ्यापैकी मृदू असते, त्यामुळे थर सावकाश साचतो. टँकरचे पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल तर तेच काम फार लवकर होते. थराकडे दुर्लक्ष करू नये, आणि ते केवळ स्वच्छतेसाठी नाही. थरामुळे प्लेटची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, प्लेट पाणी संपण्याआधीच जास्त तापते, खटका लवकर उडतो आणि अंडे आतून कच्चे राहते. शर्वरीताईंनी जे तापमान सांगितले आहे ते मग गाठले जात नाही. एखाद्या दिवशी नेहमीच्या मापाला बलक अर्धाकच्चा निघाला आणि तळाशी पाणी शिल्लक दिसले, तर प्रथम थर पाहावा.

तो काढण्यासाठी घासावे लागत नाही. एक चमचा पांढरे व्हिनेगर आणि दोन-तीन चमचे पाणी प्लेटवर घालावे, उपकरण अर्धा-एक मिनिट चालू करून कोमट होऊ द्यावे, मग बंद करून, प्लग काढून, वीस मिनिटे तसेच ठेवावे आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. व्हिनेगर आटेपर्यंत उकळू नये, त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते. व्हिनेगरचा वास आईंना नको असेल तर किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, अर्धा चमचा पाण्यात विरघळवून, तेच काम करते. तारेची घासणी वापरू नये, प्लेटवरचा लेप निघतो. तळाचा भाग नळाखाली धरू नये किंवा पाण्यात बुडवू नये. केवळ ट्रे आणि झाकण धुवावे. तलावाचे पाणी असताना महिन्यातून एकदा आणि टँकरच्या दिवसांत दर आठवड्याला हे केले तर पुरे. त्या दिवसांत पिण्यासाठी आरओ यंत्राचे पाणी घरात असेल तर एग बॉयलरमध्येही तेच घाला, एका वेळेला अर्धा कपही लागत नाही.

आणखी एक. खिडकीजवळचे टेबल चांगले आहे, पण वर लाकडी फळी किंवा पडदा नाही ना, ते पाहा. झाकणाच्या भोकातून सरळ वर वाफ येते आणि रोजच्या वाफेने फळी फुगते. वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत असेल तर ती मागच्या बाजूने घेऊन भिंतीला क्लिपने धरून ठेवा, म्हणजे जाता-येता कोणाच्या हातात किंवा काठीत अडकणार नाही.